चौथ्या मजल्यावरचा देवमासा

सरांच्या घरी देवमासा राहतो हे सगळ्या जगाला कळलं होतं. शेजारच्या देशाला ठाऊक होतं, समुद्रापलीकडच्या खंडाला ठाऊक होतं, कुणी विचारलं असतं तर चंद्रावरही सांगून आले असते. ठाऊक नव्हतं ते एकट्या सरांना. ते त्या वेळी जेवणाच्या टेबलावर पेंढा भरलेलं घुबड उभं करून त्याचे फोटो काढत होते आणि घुबड सारखं डाळीच्या डब्यावर कलंडत होतं.

या सगळ्याचं मूळ म्हणजे कॉलेजचे प्राचार्य. हे गृहस्थ एके काळी सरांचे विद्यार्थी होते आणि प्राणिशास्त्राच्या परीक्षेत त्यांनी पूर्ण वाढलेल्या बेडकाला शेपूट काढलं होतं. अशी माणसं मागे पडतात असं आपल्याला वाटतं. ती मागे पडत नाहीत, ती प्राचार्य होतात. तर या प्राचार्यांना कुठल्याशा बैठकीत समजलं की हल्ली देशोदेशीचे लोक आपापल्या प्राण्यांची माहिती एकमेकांना देतात. प्रत्येक देशाचं एक जाळं, ती जाळी एकमेकांना जोडलेली. इकडच्या डबक्यातला बेडूक तिकडच्या पडद्यावर दिसतो. कल्पना उत्तमच आहे. पाखरू काही सीमेवर थांबून कागद दाखवत नाही, तेव्हा ज्याने पाहिलं त्याने सगळ्यांना सांगावं, यात वाईट काय? पण प्राचार्यांना पाखराशी कर्तव्य नव्हतं. कॉलेजला दर्जा देणारी समिती यायची होती आणि तिच्या तक्त्यात ‘आंतरराष्ट्रीय सहकार्य’ नावाचा एक रकाना वर्षानुवर्षं कोरा होता.

कॉलेजात एक संग्रहालय होतं. म्हणजे सायकल स्टँडच्या मागची एक खोली. खुर्च्या कमी पडल्या की तिचं दार उघडायचं आणि खुर्च्या परत आल्या की बंद व्हायचं. आत बरण्यांतले साप, टाचणीला टोचलेले भुंगे, एक मगरीचं पिल्लू, एक हिमघुबड, आणि देवमाशाच्या पाठीचा एक मणका. मणक्यावर शिपाई चहाचा ट्रे ठेवत असे. या सगळ्याची नोंद जागतिक जाळ्यात करायची होती, आणि फुकट करायची होती, म्हणून प्राचार्यांनी सरांना फोन केला.

“सर, हे काम तुमच्याशिवाय कोणाला जमणार?”

निवृत्त झाल्यापासून सरांना लोक फक्त ‘पाणी आलं का?’ एवढंच विचारत. त्यांची छाती अशी फुगली की बनियन तोकडं पडलं. नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

संग्रहालयात दिवा नव्हता आणि पंखा मध्यंतरी स्वतःहून खाली आला होता. म्हणून सर एकेक प्राणी पिशवीत घालून बसने घरी आणू लागले. मगरीच्या पिलासाठी कंडक्टरने तिकीट मागितलं तेव्हा सरांनी त्याला सरीसृपांवर जे ऐकवलं ते पुढचे दोन थांबे पुरलं.

“जेवणाच्या टेबलावर साप ठेवू नका,” सरांची बायको म्हणाली. इमारतीत तिला सगळे वहिनी म्हणत.

“बरणीत आहे.”

“डाळही बरणीत आहे. उद्या घाईत चुकीची बरणी उघडली तर तुम्हीच जेवायचंय.”

वहिनींचा मूळ वैताग सापाशी नव्हता. इमारत चार मजल्यांची, बिनलिफ्टची, आणि यांचं घर सगळ्यात वर. वहिनींच्या गुडघ्यांनी कधीच हात टेकले होते. त्यांची धाकटी बहीण रस्त्यापलीकडच्या घरात राहायची. पूर्वी ती रोज संध्याकाळी वर यायची, पण तिची टाच दुखावली आणि डॉक्टरांनी तिचेही जिने बंद केले. आता धाकटी खाली आवारातल्या बाकावर बसायची, वहिनी वर गॅलरीत, आणि दोघी एकमेकींकडे बघत फोनवर बोलायच्या. वहिनींना जगाकडून एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे त्या बाकावरची बहिणीशेजारची जागा.

आणि ती मिळायच्या बेतात होती. लिफ्ट बसवायचं सोसायटीत नुकतंच ठरलं होतं. याआधी कित्येक सभा तळमजल्यावरच्या एका सद्गृहस्थांनी हाणून पाडल्या होत्या. ‘मला लिफ्टचा काय उपयोग?’ हा त्यांचा बिनतोड प्रश्न असे. त्यांना सगळे तळमजलाच म्हणत. अखेर सगळ्यांनी मिळून त्यांना गप्प केलं. लिफ्टच्या खड्ड्यासाठी आवारात चुन्याची चौकटही आखून झाली. फक्त पालिकेची परवानगी यायची बाकी होती.

आता ती चूक. सांगताना वाईट वाटतं, कारण ती आळशी माणसाच्या हातून झालीच नसती. त्यासाठी सरांसारखा काटेकोर माणूसच लागतो.

नोंदीचं ॲप विचारायचं, ‘प्राणी कुठे दिसला?’ बरण्यांवरच्या चिठ्ठ्या झुरळांनी खाल्लेल्या. उरल्या होत्या त्यांवर ‘जंगलात’ किंवा ‘मामांकडून भेट’ असलं काहीबाही. दुसरा कोणी असता तर त्याने अंदाजाने एखादा समुद्र ठोकून दिला असता. पण सरांनी जन्मभर पोरांना बजावलं होतं, जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते लिहायचं नाही. देवमासा समुद्रात होता हे सरांनी पाहिलं होतं का? नाही. मग कुठे पाहिलं होतं? टेबलावर. सरांनी शास्त्राला स्मरून आपल्या घराचा पत्ता टाकला. घुबडालाही तोच, मगरीलाही तोच. ‘जिवंत की मृत’ या प्रश्नाखाली ॲपने आपणहून जिवंतवर खूण करून ठेवली होती. ती बारीक अक्षरातली ओळ वाचायला दुसरा चष्मा लागायचा, आणि तो चष्मा घुबडाच्या नाकावर होता, कारण त्याचे डोळे फोटोत चमकत होते.

नोंदी देशाच्या जाळ्यात गेल्या. तिथून शेजारच्या देशाच्या जाळ्याने उचलल्या, तिथून जागतिक जाळ्याने. मग जागतिक जाळ्याकडून आपल्या देशाच्या जाळ्याने त्याच नोंदी पुन्हा घेतल्या आणि त्याला फार आनंद झाला, कारण आपण जे म्हणतो तेच इतर देशही म्हणतायत! आपलीच टाळी ऐकून आपलंच भाषण चांगलं झालं असं समजणारे लोक आपण पाहतो, तसाच हा प्रकार. फक्त इथे माणूस नव्हता आणि कोणी खाली बसवायलाही नव्हतं.

साऱ्या जगात एकाच माणसाला शंका आली. दूरदेशी एक म्हातारे भुंगेतज्ज्ञ होते. त्यांनी अतिशय नम्रपणे विचारलं, ‘हा भुंगा आपल्या बाजूला आढळत नाही. पुन्हा एकदा पाहाल का?’

सरांचा संताप अनावर झाला. “हा कोण मला भुंगा शिकवणार?” असं भिंतीला विचारून त्यांनी उत्तर लिहिलं: ‘मी आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलं आहे. हा भुंगा आणि इतर सर्व प्राणी मी स्वतःच्या घरात, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहेत, हाताळले आहेत. फेरतपासणीची गरज नाही.’ यातला शब्द न् शब्द खरा होता. जाळ्याला असा ठणकावून बोलणारा तज्ज्ञ फार आवडतो. त्याने सगळ्या नोंदींवर हिरवी खूण केली आणि त्यांना कुलूप घातलं. ‘पक्क्या नोंदी.’ सरांनी ती खूण वहिनींना दाखवली. वहिनी म्हणाल्या, “छान. आता तो साप परत करा.”

यानंतर पालिकेचं पत्र आलं. सोसायटीचे सेक्रेटरी ते हातात धरून चार जिने चढून आले आणि धापा टाकत दारातच वाचू लागले. “‘सदर इमारतीत देवमासा, हिमघुबड, मगर व अन्य दुर्मीळ प्रजातींचा अधिवास असल्याने आवारात खोदकामास परवानगी नाकारण्यात येत आहे.’ सर, हा काय प्रकार आहे?”

पालिकेचं यंत्र देशाच्या जाळ्याला जोडलेलं होतं. कुठे खणायचं म्हटलं की ते जाळ्याला विचारायचं, इथे कोणी राहतं का? माणसं राहतात याची ते दखल घेत नसे.

सर हसले. क्षुल्लक गैरसमज आहे, उद्या जाऊन दूर करतो, म्हणाले. ज्याने सरकारी कचेरीत कधी काही दूर केलेलं नाही, तोच असं बोलू शकतो.

“साहेब,” सर परवानगीच्या खिडकीत म्हणाले, “देवमासा चौथ्या मजल्यावर राहील का?”

“ते मी कसं सांगणार? मी बांधकाम विभागात आहे.”

“अहो, येऊन बघा एकदा.”

“बघायला प्राणितज्ज्ञ लागतो.”

“मी प्राणितज्ज्ञच आहे.”

साहेबांनी पडद्यावर पाहिलं. “बरोबर. तुम्हीच तर कळवलंय की आहे.”

“मग मीच सांगतो की नाही!”

“आहे म्हणालात ते तज्ज्ञ म्हणून. नाही म्हणताय ते अर्जदार म्हणून. अर्जदार काय, लिफ्टसाठी काहीही म्हणेल,” साहेब म्हणाले आणि त्यांनी पुढच्या माणसाला बोलावलं.

मग सरांनी जाळ्यांना लिहायला सुरुवात केली. देशाच्या जाळ्याने कळवलं की नोंद परदेशांतूनही आलेली आहे, त्यांच्याकडे दुरुस्त करा. शेजारच्या देशाने कळवलं की आम्ही जागतिक जाळ्यावरून घेतो. जागतिक जाळ्याने अत्यंत गोड भाषेत कळवलं की दुरुस्ती नेहमी मुळाशी व्हावी, आपण आपल्या देशाच्या जाळ्याशी संपर्क साधावा. जिथून निघाले तिथेच आले. माहिती देताना या सगळ्यांचे हात एकमेकांत गुंफलेले होते, आणि चूक दिसताच प्रत्येकाचे हात खिशात गेले. तक्रार पुढे न्यायची तर जागतिक जाळ्याची एक अट होती: ‘प्राणी तेथे नसल्याचा छायाचित्रासह पुरावा द्यावा.’

नसलेल्या देवमाशाचा फोटो कसा काढतात? सरांनी दिवाणखान्याचा काढला, पलंगाखालचा काढला, आणि एवढ्या आकाराचा प्राणी पाण्याशिवाय कुठे असणार म्हणून न्हाणीघराचाही काढला. तिथे बादलीत अंग घासायची जाळीदार घासणी तरंगत होती. ॲपने ती ताबडतोब ओळखली, समुद्री स्पंज, जिवंत. देवमासा आणि स्पंज एकत्र सापडल्यावर जाळ्याला राहवलं नाही. त्याने इमारतीला ‘सागरी परिसंस्था’ जाहीर केलं, आणि पालिकेने किनाऱ्याचे सगळे नियम लागू केले.

तोवर तळमजला खूश होते. “मी म्हणतो, देवमाशाकडून मेंटेनन्स घ्या,” असं ते जिन्यात उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. किनाऱ्याचे नियम लागल्यावर त्यांच्याच स्वयंपाकघराच्या नव्या ओट्याचं काम थांबलं. तेव्हापासून ते सरांना बघितलं की दार आपटू लागले.

सल्ल्यांना मात्र भरती आली. भरती म्हणायलाही आता भीती वाटावी अशी परिस्थिती होती. एकाने सुचवलं, देवमासा बदलीवर गेला असं कळवा. दुसऱ्याने सुचवलं, कोर्टात जा, नातवाच्या वेळेपर्यंत निकाल लागेल. सेक्रेटरींनी नियमावली वाचली होती. ते सरांना कोपऱ्यात घेऊन म्हणाले, “एक मार्ग आहे सर. निरीक्षक हयात नसेल तर नोंदीचा आपोआप फेरविचार होतो.” आणि ते सरांकडे आशेने बघत राहिले. मग घाईघाईने म्हणाले, “फक्त कागदोपत्री हो!”

सर प्राचार्यांकडे गेले. कॉलेजने नोंदी मागे घेतल्या तर सगळं सुटणार होतं. प्राचार्यांनी त्यांना हाताला धरून व्हरांड्यात नेलं. तिथे सरांचा हार घातलेला फोटो लागला होता. सर दचकले, पण खाली ‘जागतिक कीर्तीचे निरीक्षक’ असं लिहिलेलं पाहून जरा सावरले.

“समितीने वरचा दर्जा दिलाय सर! आता देवमासा काढला तर आपण घसरू. पुढच्या महिन्यात तुमचा सत्कार ठेवलाय. शाल घेतली आहे.”

“अरे, पण ते खोटं आहे.”

“सर, तीन जाळी खरं म्हणतायत. आपण कोण?” बेडकाला शेपूट काढणारा माणूस म्हणाला.

घरी आल्यावर सरांनी नियमावली सेक्रेटरींपेक्षा नीट वाचली. एकच वाट उरली होती. परदेशातल्या एखाद्या तज्ज्ञाने दुजोरा द्यायचा आणि निरीक्षकाने स्वतः एक वाक्य लिहून द्यायचं: ‘मी अविश्वसनीय निरीक्षक आहे.’ हे वाक्य फक्त देवमाशापुरतं लिहिता येत नव्हतं. अविश्वसनीय माणूस सगळ्याच बाबतीत अविश्वसनीय धरला जाई, म्हणजे सरांच्या नावावरची प्रत्येक नोंद पुसली जाणार होती. त्यात आवारातल्या पक्ष्यांच्या नोंदी होत्या. प्राचार्यांचा संबंध नसलेल्या, सरांनी आपल्या हौसेने केलेल्या, अगदी खऱ्या. त्या हिरव्या खुणा ते अधूनमधून उगीच उघडून बघत. एवढ्या वर्षांच्या नोकरीत कोणी सरांच्या कामावर खूण म्हणून केली नव्हती.

“हे मी लिहिणार नाही,” सर म्हणाले. “मी गाढव आहे असं जगाला लिहून देऊ?”

वहिनींनी हातातलं काम खाली ठेवलं. हे वाईट लक्षण होतं. त्या गॅलरीत जाऊन बसल्या आणि त्यांनी फोन लावला. खाली बाकावर धाकटीने उचलला. दोघींनी दुखण्यांची चौकशी केली, स्वयंपाकाचं विचारलं. मग विषय संपले. तरी कोणी फोन ठेवला नाही. दोघी कानाला फोन लावून एकमेकींकडे बघत नुसत्या बसून राहिल्या. सर दारातून बघत होते. त्यांना आतून फार लाज वाटली. आपल्या हिरव्या खुणांची किंमत ही बाई भरते आहे, आणि ती भांडतही नाही.

“मी चुकलो असं म्हणायचं का?” त्यांनी विचारलं.

“तुम्हाला जे म्हणायचं ते म्हणा,” वहिनी मागे न बघता म्हणाल्या. “मला खाली बसायचंय.”

सरांनी भुंगेतज्ज्ञांना पत्र लिहिलं. आपला उद्दामपणा कबूल केला, बायकोचे गुडघे सांगितले, आणि मला अविश्वसनीय ठरवण्याची कृपा करावी अशी विनंती केली. इतका अपमान त्यांनी आधीच्या प्राचार्यांच्या हाताखालीही कधी सोसला नव्हता. म्हाताऱ्याचं उत्तर लगेच आलं. त्याने दुजोरा दिला होता, आणि खाली स्वतंत्रपणे लिहिलं होतं, ‘भुंगा मात्र तुम्ही अचूक ओळखला होता. तो दुसऱ्या एका भुंग्याशी भावंडासारखा इतका मिळताजुळता आहे की मीही एकदा फसलो होतो. आता तोही जाईल, याचं वाईट वाटतं. माझ्या बायकोचेही गुडघे दुखतात.’ सरांनी ते पुन्हापुन्हा वाचलं. मग ते वाक्य टाइप केलं आणि बटण दाबलं.

जी जाळी महिनोन्महिने एक देवमासा हलवू शकली नाहीत, त्यांनी सरांची बातमी दुपारच्या जेवणाआधी सगळीकडे पोचवली. अविश्वसनीय, असं शेजारच्या देशाने म्हटलं. अविश्वसनीय, असं समुद्रापलीकडे म्हटलं. कोणाला कोणाकडून दुजोरा घ्यावा लागला नाही. कॉलेजच्या व्हरांड्यातला फोटो संध्याकाळपर्यंत उतरला. शाल प्राचार्यांनी समितीच्या अध्यक्षांना पाठवली. तळमजल्यांचा ओटा सुरू झाला, आणि ते जिन्यात उभं राहून सांगू लागले, “मला पहिल्यापासून शंका होती. माणूस भरवशाचा वाटत नव्हता.”

लिफ्ट बसली. ती अरुंद होती आणि वर जाताना कण्हायची, पण ती खाली येत होती आणि वहिनींना तेवढं पुरे होतं. पहिल्या दिवशी त्या नवी साडी नेसून उतरल्या, आवार ओलांडून बाकापर्यंत गेल्या आणि बहिणीशेजारी धपकन बसल्या. दोघींनी एकमेकींचे हात धरले आणि लगेच एका तिसऱ्या बाईबद्दल वाईट बोलायला सुरुवात केली. सर थोडे अंतर ठेवून उभे राहिले. अलीकडे ते सगळीकडेच थोडं अंतर ठेवून उभे राहत.

एवढ्यात भिंतीजवळ एक लहानसा पांढरा-करडा पक्षी उतरला आणि शेपटी वरखाली करत तुरुतुरु चालू लागला.

“हा कुठला गं?” धाकटीने विचारलं.

“ह्यांना विचार.”

“मला नका विचारू,” सर म्हणाले. “मी जगभर अविश्वसनीय आहे.”

“जग इथे बसलेलं नाही,” वहिनी म्हणाल्या. “सांगा.”

सरांनी घसा साफ केला. हा धोबी, म्हणाले. थंडी पडली की उत्तरेकडून निघतो, डोंगर ओलांडतो, किती देश पार करतो, आणि या आवारात येतो. याच भिंतीपाशी. ऊन तापलं की परत जातो आणि पुढच्या थंडीत पुन्हा इथेच. बोलता बोलता ते वर्गात उभं राहिल्यासारखे ताठ झाले, मग त्यांच्या ते लक्षात आलं आणि ते मध्येच थांबले.

“एवढ्या लांबून? आणि बरोबर इथेच?” धाकटी म्हणाली. “कोणी बघितलंय?”

सरांनी मान खाली घातली.

“ह्यांनी बघितलंय,” वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी आपले पाय उन्हात पसरले.